गच्चीवरचे बुडबुडे

शेहाताला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी सकाळचं ऊन दारात आलं की त्याला इजिप्तमधल्या दमनहूरची ती प्रयोगशाळा आठवते आणि जीव कासावीस होतो. शास्त्रज्ञ तो कधीच नव्हता. टायटेनियमच्या पातळ पट्ट्या धुवायच्या, भट्टीत भाजायच्या आणि गच्चीवर पाण्याच्या काचपात्रात टांगायच्या, एवढंच त्याचं काम. पट्टीवर केसाहून कितीतरी बारीक नळ्या असतात, असं डॉक्टर लोक सांगत. त्याला नळ्या कधी दिसल्या नाहीत, बुडबुडे दिसत. नुसतं ऊन आणि पाणी, आणि त्यातून हायड्रोजन वर येतोय! तीस वर्षं पाहूनही त्याचं मन भरलं नाही.

हिवाळ्यात मात्र तो एक आगळीक करी. भट्टी निवू लागली की आत गुपचूप रताळं सरकवी. भट्टीत खाण्याचं काही ठेवाल तर नोकरी जाईल, अशी पाटी समोरच होती.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात इनास या विद्यार्थिनीची एक पट्टी तिप्पट बुडबुडे सोडू लागली. तिने सगळ्यांना बसबूसा, रव्याची गोड वडी, वाटली. पण पुन्हा तशी पट्टी काही केल्या होईना. शेवटी तिचे मार्गदर्शक डॉक्टर लुत्फी तोंडावर म्हणाले, "आकडे कुठून आणलेस, ते गुरुवारी समितीला सांग. नाहीतर प्रबंध विसर."

ती गच्चीवर रडत बसली. "काका, मी खोटं नाही हो लिहिलं."

"वेडाबाई, मला ठाऊक आहे ते."

आणि हे बोलता बोलताच त्याला आठवलं. ती पट्टी भाजली त्याच्या आदल्या दिवशी रताळं फुटून पाक सांडला होता आणि भट्टी पुसायची राहून गेली होती. निवृत्तीला तीन महिने उरले होते. गप्प बसणं सोपं होतं. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी तो समितीपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, पोरीचा दोष नाही. रताळं माझं होतं."

"कसलं रताळं?"

"भाजायला ठेवलेलं. त्याचा पाक सांडला, आणि दुसऱ्या दिवशी हिची पट्टी त्यातच भाजली."

"माझ्या भट्टीत स्वयंपाकघर मांडलंत?" लुत्फी कडाडले.

"हिवाळ्यापुरतंच, साहेब."

समितीतले म्हातारे परीक्षक खो-खो हसले. "आणा बघू एक रताळं!"

पाक जाळून पट्टी भाजली, उन्हात टांगली. बुडबुडे तिप्पट! जळलेल्या साखरेतला कार्बन नळ्यांत शिरला होता आणि पट्टी जास्त ऊन पिऊ लागली होती. इनासने सगळ्यांदेखत त्याचा हात आदराने आपल्या कपाळाला लावला.

लुत्फींनी नोकरी घेतली नाही, चाव्या घेतल्या. उरलेले तीन महिने शेहाताला फाटकावर बसवलं. इनास रोज जाता-येता थांबायची. "काका, नवी पट्टी लावलीय, वर बघायला चला ना."

"तूच सांग, किती बुडबुडे आले?" तो विचारायचा. वर जायची त्याला परवानगी नव्हती.