क्षितिजाचं गाऱ्हाणं

माझी भाची क्षितिजा हल्ली एका जागी बसत नाही. खुर्चीच्या टोकावर टेकते, पाय हलवत राहते, चहा अर्धा ठेवून गॅलरीत जाते, परत येते. 'अगं बस की बाई, खुर्चीला काटे आलेत का?' असं मी ओरडले की म्हणते, 'बसलेच आहे आत्या,' आणि तोवर उठलेली असते. रस्त्यावर तर विचारूच नका. पर्स पोटाशी धरून, पाठ दुकानाच्या शटरला लावून रिक्षाची वाट बघते. मागून बाईक आली की आधी तिचा उजवा हात छातीशी जातो, मग मान वळते. केबिन रोडवर माझं पोळीभाजी केंद्र आहे. तिथून मी हे रोज बघते आणि लाटण्याखालची पोळी वाकडी होते.

ही मुलगी अशी नव्हती हो. तिची आई लवकर गेली. तिचे वडील आत्माराम, म्हणजे माझे थोरले भाऊ, दिवसभर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर. मग पोर वाढली ती माझ्या हाताखाली आणि भजनी मंडळाच्या चटईवर. आम्ही राहतो त्या गोडदेवात आमच्या रत्नागिरीकडच्या लोकांचं वाघजाई मंडळ आहे. तळमजल्यावरची एक खोली, देवीचा मोठा फोटो, समया, पेटी, पखवाज. दादा मंडळाचे बुवा. क्षितिजा तिथेच अभ्यास करायची, तिथेच पेंगायची. मोठी झाल्यावर तिने रक्त घ्यायचा कोर्स केला आणि लॅबमध्ये लागली. सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगांत घरोघरी जाऊन सॅम्पल घ्यायची. हात काय हलका! हंसाबेन म्हणून तिथल्या एक म्हाताऱ्या गुजराती बाई आहेत, डायबिटीसवाल्या, सुई बघून डोळे पांढरे करणाऱ्या. त्या मला दुकानात येऊन सांगायच्या, 'तमारी छोकरी सोय क्यारे मारे छे, खबर ज ना पडे!' म्हणजे सुई कधी टोचली ते कळतच नाही. मी अशी फुलायचे की गिऱ्हाइकाला एक पोळी जास्त जायची.

चार वर्षांमागची गोष्ट. सकाळची वेळ. क्षितिजा शेअर रिक्षात कडेला बसली होती, सॅम्पलचा डबा मांडीवर आणि पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. मागून बाईक आली, दोघं बसलेले, तोंडाला रुमाल. मागच्याने पर्स ओढली. पट्टा तुटेना. पोर रिक्षातून खाली पडली, फरफटत गेली, आणि मग कुठे मेला तो पट्टा तुटला. मी पोचले तेव्हा रस्ता नुसता लाल. निम्मं रक्त तिचं, निम्मं सिल्व्हर पार्कमधल्या म्हाताऱ्यांचं, बाटल्या फुटल्या होत्या ना. मनगटाचा चुरा झाला होता. प्लेट घातली, स्क्रू घातले.

कॅमेऱ्यावरून पोरं सापडली. गाडी चालवणारा कुठला तरी बंट्या. आणि पर्स ओढणारा कोण? आमचा साईराज! आमच्या मंडळात पखवाज वाजवायचा त्या गुणवंतचा मुलगा. क्षितिजाच्या शेजारी बसून झांजा वाजवायला शिकलेला, 'ताई, ताई' करत तिच्या मागे फिरलेला. मी पोलीस स्टेशनच्या पायरीवर उभी राहून त्याला अशा शिव्या घातल्या की हवालदार म्हणाला, 'मावशी, थोड्या आमच्यासाठी पण ठेवा.'

पुढे केस, तारखा, शिक्षा. कोर्टात क्षितिजाला विचारलं, पर्स कुठल्या रंगाची, बाईक कुठल्या बाजूने आली. तिला काय विचारायचं होतं ते कुणी विचारलंच नाही. तिचं एकच होतं, यंदाच्या शिमग्यापर्यंत एकच होतं: 'पट्टा ताणला तेव्हा तो वळला, आत्या. माझ्याकडे बघितलं त्याने. मी डोळे बघितले. त्याने मला ओळखलं होतं का?'

'अगं, ओळखलं असतं तर पट्टा सोडला असता त्याने,' असं दादा म्हणाले. मी म्हणाले, वकील म्हणाला, सगळी बिल्डिंग म्हणाली.

'मग मी वेडी आहे का?' असं म्हणून ती उठून गॅलरीत गेली. तेव्हापासून ती उठलेलीच आहे.

लॅबवाल्यांनी तिला काढलं नाही, पण सुईही हातात दिली नाही. ती काउंटरवर रिपोर्ट देते. घरी कधी कधी संत्र्यात सुई टोचून बघते. उजवा हात थरथरतो. मग साल काढून संत्रं खाऊन टाकते, आणि मला म्हणते, 'बघतेस काय? गोड आहे.' मला असा राग येतो ना, कुणाचा ते कळत नाही, सगळ्या जगाचाच.

आता आमच्यातली एक पद्धत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सणाला आम्ही देवीपुढे गाऱ्हाणं घालतो. सगळे उभे राहतात, बुवा नारळ ठेवतात आणि देवीशी बोलतात. लेकरांना सांभाळ, चूकभूल पदरात घे, इडापीडा लांब ने. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा!' शेवटी मंडळातलं एकेक घर नाव घेऊन देवीच्या पायाशी घालायचं. आणि एकदा नारळ ठेवून 'व्हय म्हाराजा' झालं की ते सगळ्यांचं बोलणं. मग कुणी शब्द फिरवायचा नाही. सरकारी कागद फिरेल एक वेळ, हे फिरत नाही. तर त्या दिवसानंतर दादांनी गुणवंतच्या घराचं नाव घेणं बंद केलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं. दादा त्या नावाशी आले की गप्प व्हायचे आणि पुढचं घर घ्यायचे. गुणवंतही यायचा बंद झाला. त्याचा पखवाज खोळीत घालून कोपऱ्यात पडलेला.

यंदा शिमग्याच्या आधी साईराज शिक्षा भोगून सुटून आला. दोन दिवसांनी गुणवंत आमच्या दारात. आत यायला तयार नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, 'बुवा, यंदा आमचं नाव घ्या. पोराला पदरात घालू द्या देवीच्या. एकदा नाव घेतलं की तो परत वाकड्या वाटेने जायचा नाही, बघा.' आणि रडायला लागला. दादा पण विरघळले. मी आतून ओरडले, 'पोराला पदरात आणि पोरीला काय, कोपऱ्यात?' पण माझं कोण ऐकतंय.

मंडळाची बैठक बसली. बाबाजी आजोबा आमच्यात सगळ्यांत वडील, त्यांनी तोडगा काढला. शिमग्याला देवीपुढे साईराजने क्षितिजाच्या पाया पडायचं, तिने डोक्यावर हात ठेवायचा, बुवांनी नाव घ्यायचं, पुरणपोळी खायची, विषय संपला. सगळ्यांच्या माना डोलल्या. सगळ्यांना विषय संपवायची केवढी घाई! क्षितिजा दारात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर.

'पाया पडून काय होईल, आजोबा?' ती म्हणाली. 'माझे पाय ठीक आहेत. मोडलाय तो हात.'

'अगं पोरी, आपलीच माणसं हायत. मन मोठं कर.'

'मला कुणी विचारलंत का, मला काय पाहिजे?'

कुणी विचारलं नव्हतं, आणि आताही विचारलं नाही. मी म्हणाले, 'मला विचारा, मी सांगते. त्याचा पण हात मोडा.' दादा म्हणाले, 'उर्मिला, तू गप.' क्षितिजा चपला घालून निघून गेली. मी मागे धावले, तर ही बया केबिन रोडच्या गर्दीतून इतकी झपझप चाललेली की मला धाप लागली. थांबली ती थेट माझ्या दुकानापाशी. म्हणाली, 'आत्या, एक नारळ देशील?'

शिमग्याच्या दिवशी खोली भरली. गावाला जायला ज्यांना रजा मिळाली नाही ते सगळे आलेले. साईराज दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसला होता. बारीक झालेला, मान खाली. मी त्याच्याकडे बघायचं नाही ठरवलं होतं, आणि सारखी बघत होते. दादा नारळ घेऊन पुढे झाले, तेवढ्यात क्षितिजा गर्दीतून वाट काढत आली. त्यांच्या आधी तिने आपला नारळ देवीपुढे ठेवला आणि हात जोडले. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. बंदी आहे असं नाही, कुणी घातलंच नव्हतं आजवर. दादा 'अगं...' म्हणेपर्यंत हिने सुरुवात केली. सूर अगदी दादांचा. लहानपणापासून ऐकलेला.

'बा वाघजाई माते, आज शिमग्याच्या सणाला तुझी लेकरं तुझ्यापुढं जमलीत!'

'व्हय म्हाराजा!'

'तुझ्या दारात खोटं बोलायचं न्हाय, अशी वाडवडिलांची रीत हाय!'

'व्हय म्हाराजा!'

'तर साईराजाने आज सगळ्यांदेखत माझ्यासमोर बसावं. मी विचारीन त्याचं खरं उत्तर द्यावं. आणि माझं बोलून होईपर्यंत कुणी त्याला माझ्या पाया पडायला लावू नये, कुणी मला मन मोठं कर म्हणू नये!'

'व्हय म्हाराजा!'

म्हणून गेले ना सगळे! सवयीने, एका दमात, बाबाजी आजोबांसकट. आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काय म्हणालो आपण हे? कुणीतरी कुजबुजलं, 'असं कसं, हे काय गाऱ्हाणं झालं?' बाबाजी आजोबांनी तोंड मिटलं, परत उघडलं आणि म्हणाले, 'नारळ ठेवलाय. आता फिरता येणार न्हाय. साईराजा, ये पुढं.'

तो आला. क्षितिजा त्याच्यासमोर बसली. आणि काय सांगू, चक्क मांडी घालून बसली, पाठ भिंतीला न लावता.

'मला ओळखलं होतंस?'

साईराजने बापाकडे बघितलं. गुणवंत मध्येच बोलला, 'न्हाय गं पोरी, कसं ओळखंल, तोंडाला रुमाल, गडबड...'

'गुणवंता,' बाबाजी आजोबा म्हणाले, 'नारळ.'

साईराज चटईकडे बघत बोलायला लागला.

'आधी नाही. आधी नुसती पर्स दिसली. पट्टा हातात आला आणि तू ओरडलीस. आवाज ओळखला. म्हणून वळून बघितलं.'

'मग सोडलं का नाहीस?'

त्याने एकदा देवीच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, 'वाटलं, तू पण मला ओळखलंस. सोडलं आणि तू उठून माझं नाव घेतलंस तर? पप्पांना कळेल, मंडळात कळेल. म्हणून मी बंट्याला म्हटलं, जोरात घे.'

मी उठले. हातात काय होतं, तर प्रसादाचं पितळी ताट. तेच घालणार होते त्याच्या टाळक्यात, देवीशप्पथ. नालायक! ज्या मंडळाची लाज वाटली, त्याच मंडळाची पोर फरफटवलीस?

'आत्या, बस,' क्षितिजा म्हणाली. मान न वळवता, शांतपणे. आणि मी, जी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, ती खाली बसले.

'म्हणजे मी बरोबर होते,' ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली, पुन्हा एकदा म्हणाली. मग दादांकडे बघितलं. दादांनी मान खाली घातली. मग तिने उजव्या हाताची बाही वर केली आणि हात त्याच्यापुढे धरला. 'आता माझं ऐक.' आणि सगळं सांगितलं तिने. प्लेट थंडीत कशी दुखते ते. केस बांधता येत नाहीत ते. रस्त्यावर सांडलेलं रक्त कुणाकुणाचं होतं, नावानिशी. हंसाबेननी नव्या मुलीकडून सुई टोचून घ्यायला नकार दिला आणि साखर वाढून दवाखान्यात पडल्या ते. मला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं, आणि मी समजत होते मला सगळं ठाऊक आहे. साईराज हुंदके द्यायला लागला, तेव्हा म्हणाली, 'रडतोस काय, ऐक. अजून आहे.' त्याने डोळे पुसले आणि ऐकलं. बघवत नव्हतं, पण उठून कुणी गेलं नाही.

शेवटी त्याने विचारलं, 'ताई, मी काय करू?'

'माहीत नाही. मंगळवारी भजनाला ये. मला अजून विचारायचंय.'

पाया पडणं झालं नाही. डोक्यावर हात ठेवणं झालं नाही. साईराज उठून परत दाराशी, चपलांजवळ जाऊन उभा राहिला. दादा कसेबसे उभे राहिले आणि त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं त्यांनी घातलं. एकेक घर घेत ते त्या नावाशी आले आणि दर वेळेसारखे गप्प झाले. पण या वेळी पुढचं घर घेतलं नाही. लेकीकडे बघत राहिले. सगळी खोली तिच्याकडे बघत राहिली.

'गुणवंतकाकांचं घर घ्या, बाबा,' क्षितिजा म्हणाली. 'काका, काकी, दोघांची नावं घ्या. त्याचं नको. अजून नको. मी सांगेन तेव्हा.'

दादांनी तसंच देवीला सांगितलं, शब्दाला शब्द. गुणवंतने नुसते हात जोडले. बाकीचे अडखळले, कुणाला कळेना काय म्हणावं. आणि मागून, एकट्याचा, मोठ्याने आवाज आला, 'व्हय म्हाराजा!'

साईराज होता तो.