टप्पेसरांचं चिकटलेलं पान

टप्पेसरांइतका आळशी माणूस मी अजून पाहिलेला नाही. वर्गात यायचे, वही उघडून टेबलावर ठेवायचे आणि पंख्याने पानं उडू नयेत म्हणून तिच्यावर चहाचा भरलेला ग्लास ठेवायचे. चहा सांडला तर शर्टाच्या बाहीने पुसायचे. पिऊन झाला की म्हणायचे, "लिहा. टप्पा पहिला." ती वही ते स्वतः विद्यार्थी होते तेव्हाची. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात तीस वर्षं त्यांनी तेवढीच एक वही शिकवली आणि पगार मात्र पूर्ण घेतला.

वहीत होता नायकाचा प्रवास. नायक घर सोडतो, गुरू भेटतो, संकट येतं, असे बारा टप्पे. आधी एक लोककथा वाचून तिचे टप्पे पाडायचे, मग आपल्या पाहण्यातल्या एखाद्या माणसावर तसंच लिहायचं, ही वर्षाची असाइनमेंट. कल्पना चांगलीच होती. सरांच्या हाती लागली आणि तिची माती झाली.

दहावा टप्पा 'नायकाला फळ मिळते' हा सांगून झाला की सर पान उलटून थेट बाराव्यावर यायचे, 'नायकाचा सत्कार.' अकरावा गेला कुठे, हे कोणी विचारत नसे. सीनियर पोरांच्या वह्यांतही दहानंतर बाराच. त्या वह्यांचे फोटो दरवर्षी ग्रुपवर फिरायचे, पोरं ते उतरवून काढायची आणि सर वरवर चाळून मार्क द्यायचे. सत्काराचा भाग तेवढा चवीने वाचायचे. शाल आणि नारळ दोन्ही असले की एक मार्क जास्त.

मला गप्प बसता येत नाही. मी विचारलं. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तू मले शिकवून राहिली का? मी सांगतो थे लिही." सगळा वर्ग हसला.

मी लिहिलं आईवर. तेल्हाऱ्याला आमची भाजीची वाडी. आई पहिल्या एस्टीने वांगी, मेथी घेऊन अकोल्याच्या बाजारात जायची. आम्ही दोघी बहिणी दिवस कलताना फाट्यावर तिची वाट बघत उभ्या राहायचो. म्हणून रिकामा अकरावा टप्पा मी माझ्या मनाने भरला, 'संध्याकाळी आई घरी येते.'

नेमकं तेवढंच सरांच्या नजरेत आलं. त्यावर लाल रेघ, शेजारी 'हा टप्पा नाही', आणि वीसपैकी चार मार्क. पास व्हायला आठ लागायचे. आदल्या वर्षी माझा एक विषय राहिला होता, आणि पुन्हा राहिला तर कॉलेज बंद, असं बाबांनी बजावून ठेवलं होतं. चार दिवसांत दुरुस्त करून आण, असं सर म्हणाले.

मी आणलं. सरांना नावं ठेवताना हे सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी आईला अकोल्याला पोचवलं, शाल-नारळ दिला आणि तिथेच सोडून दिलं. अठरा मार्क मिळाले. सरांनी ते वर्गात वाचूनही दाखवलं.

सुट्टीत माझी ती वही आईच्या हाती लागली. आई सातवी शिकलेली. ओळींवरून बोट फिरवत तिने सगळं वाचलं आणि विचारलं, "यात मी घरी काहून नाही आली वं?"

सरांनीच तसं सांगितलं, म्हणाले मी. तिने वही मिटली आणि मेथी निवडायला बसली. तेव्हा मला सरांचा जो तिटकारा आला, त्यातला अर्धा माझा स्वतःचाच होता.

यंदा सर निवृत्त झाले. मी आता तेल्हाऱ्याच्या शाळेत शिकवते, तरी मुद्दाम समारंभाला गेले. चार शब्द सुनवायचेच, असं ठरवलं होतं. सर शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसले होते. तीस वर्षांत एवढे खूश त्यांना कधी कोणी बघितले नसतील. त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावरही नाही. शिक्षिका आहे म्हटल्यावर मात्र पिशवीतून ती वही काढून माझ्या हातात कोंबली. "घे, तुले कामी येईन," म्हणाले. ठरवलेले चार शब्द तसेच राहिले.

घरी येऊन वही चाळली. दहाव्या टप्प्याचं पान जाड लागलं. गोड चहाने दोन पानं एकमेकांना चिकटली होती. ओलं फडकं लावून हळूहळू सोडवली. आत तरुणपणीच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'टप्पा अकरावा. नायक घरी परत येतो. यावाचून प्रवास पूर्ण होत नाही.' तीस वर्षांत या माणसाला एक पान नखाने उचलून बघावंसं वाटलं नाही. आणि त्यापायी दरवर्षी वर्गभर पोरांनी आपापली माणसं बाहेरच ठेवली.

मी ते आईला वाचून दाखवलं. आता तिला एस्टीत चढवत नाही, ती ओट्यावरच बसलेली असते. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मी त रोजच येत होती. लिही आता, आली म्हणून."

मी लाल पेन घेतलं आणि सरांच्याच वहीत, त्याच पानावर लिहिलं.