कानशीचा फोटो

माझे धाकटे दीर, वामनभाऊजी, चकचकीत लोखंडाकडे संशयानं बघायचे. गंजलेली सळई मात्र मांडीवर घेऊन बसायचे. पन्नासच्या दशकात ते नागपूरला प्रयोगशाळेत होते. क्ष-किरणांनी लोखंडाचा फोटो घ्यायचा आणि ठोकल्या-वाकवल्यानं त्यात दडून राहिलेला ताण मोजायचा, हे त्यांचं काम. आमच्या अनसिंग गावात हे कोण ऐकतो! ते सुटीवर आले की लोक सदरा वर करून उभे, "वामन, माह्या छातीचा काढ ना फोटो!"

"तुमी खोकलता, काका. सळई खोकलत नाई, म्हनून तिचा काढा लागते."

तेव्हा गावात शाळेच्या दोन खोल्या उठत होत्या. दुसरी मुलींची, आणि तिची मास्तरीण मी! बांधकाम मामंजी बघत. छताच्या सळया बैलगाडीत मावाव्यात म्हणून स्टेशनावरच दुमडल्या होत्या, गावात घणानं ठोकून सरळ केल्या. भाऊजींनी तुकडे तपासायला मागवले. मामंजींनी ते कानशीनं घासून चांदीसारखे केले. साहेबलोकांकडे गंजकं कसं पाठवायचं, म्हणे!

प्रयोगशाळेतल्या भाऊजींच्या सोबत्यानं फोटो काढले. सळया उत्तम, असा निरोप आला. घरात शिरा झाला. दुसऱ्याच दिवशी भाऊजी स्वतः बसमधून उतरले, हातात तो चकचकीत तुकडा.

"बाबा, घासला काहून? हा फोटो सळईचा नाई, तुमच्या कानशीचा हाय. आपले किरन वरच्या पापुद्र्यातच पाहते. तो घासून दबला, खालचा तान दिसलाच नाई."

न घासलेले तुकडे घेऊन ते परत गेले. या वेळी ठोकलेल्या जागी भलताच ताण निघाला, बारीक चिराही. ते भाग कापून टाकल्यावर सळया एकाच खोलीला पुरल्या. ती अर्थातच मुलांना गेली.

मी भडकलेच. "एक फोटो चांगला आला होता ना? तुम्हाला कोण विचारणार होतं?"

"कोनीच नाई, वयनी. पन त्या खोलीत तुमी बसनार होत्या."

"छत पडलं असतं का?"

"पडलं असतं, असं नाई म्हनत. पडनार नाई, असं मले म्हनता येत नाई."

असा राग आला मला! या माणसाशी धड भांडताही येत नसे.

वर्षभर मुली आमच्या ओसरीत बसल्या. कापूस वेचायला गेलेल्या काही परत शाळेत आल्याच नाहीत, ते मला अजून लागतं. मग न दुमडलेल्या सळया आल्या, खोली झाली. पहिल्या दिवशी मी भाऊजींना ओढतच नेलं. म्हटलं, मुलींशी दोन शब्द बोला. मुली उभ्या राहिल्या. भाऊजी आपले छताकडे बघत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मुली चुळबुळायला लागल्या, मी खाकरले.

तेव्हा कुठे खाली बघून म्हणाले, "बसा वं पोरीहो. आता बसा."