सत्तावनची छाटणी

बाझिल पोर्शेरोला ऑक्ताव डोळ्यांसमोर नको असायचा, आणि नेमका तोच जन्मभर डोळ्यांसमोर राहिला. दोघांच्या द्राक्षबागांमध्ये गुडघ्याएवढी दगडी भिंत होती. भिंतीच्या वरच्या अंगाला ऑक्तावची ‘ला पेर्द्री’. सबंध बाग एवढीशी, की दुपारच्या जेवणाआधी तिच्या कडेकडेने चार फेऱ्या मारून व्हाव्यात. पण तिच्या वाइनसाठी लिआँचे डॉक्टर आणि पॅरिसचे वकील दोन-दोन वर्षं आधी चिठ्ठ्या पाठवून ठेवायचे. खालच्या अंगाला बाझिलची बाग. ऊन तेच, वारा तोच, आणि माती तर बाझिल जिभेवर ठेवून सांगायचा, तीच. तरी त्याची वाइन नुसती गावच्या नावाने जायची आणि तिच्यासाठी आजवर कुणी चिठ्ठी पाठवली नव्हती.

बाझिल वीस वर्षांचा होता तेव्हा सरकारचे दोन साहेब नकाशा घेऊन आले होते. उत्तम बागा कोणत्या आणि साध्या कोणत्या, हे ठरवायला. दिवसभर चढणीवर हिंडले आणि दुपारी ऑक्तावच्या बापाकडे जेवले. जेवणात बदक होतं. संध्याकाळी नकाशावर रेघ पडली ती बरोबर भिंतीवरून. आपल्या बापाने त्या दिवशी बदक कापलं असतं तर ती रेघ आपल्याही बागेखालून गेली असती, हे बाझिलने इतक्यांदा सांगितलं की त्याची बायको लेओनी हिने घरात बदक शिजवणंच बंद केलं.

सुगी संपली की गावातले लोक एकमेकांच्या तळघरात जाऊन नवी वाइन चाखायचे. ऑक्तावच्या पिंपापाशी माणसं टोपी काढून उभी राहायची. कुणी डोळे मिटायचा, कुणी नुसताच उसासा टाकायचा. बाझिल घोट तोंडात घोळवायचा, कोपऱ्यात थुंकायचा आणि म्हणायचा, “पिण्याजोगी आहे.” याहून जास्त एक शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. ऑक्ताव दर वर्षी त्याच्याकडे आशेने बघायचा, दर वर्षी त्याचा चेहरा पडायचा, आणि त्या रात्री बाझिलला छान झोप लागायची.

सत्तावन सालच्या जानेवारीत ऑक्ताव कोठारातल्या माळ्यावरून पडला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. कमरेपर्यंत प्लास्टर घालून त्याला वरच्या खोलीत खिडकीजवळ निजवलं. आता गावात द्राक्षवाल्यांचं संत व्हँसाँ मंडळ होतं, आणि मंडळाचा नियम जुना होता. आजारी सभासदाची बाग पडून राहू द्यायची नाही. ज्याचा बांध लागून असेल त्याने ती राखायची, मजुरी न घेता, कुरकुर न करता.

मंडळाचा प्रमुख तेओफील बाझिलच्या दारात आला. “छाटणी तुझ्याकडे आली रे बाबा.”

“माझी कंबर धरलीये.”

“काल तर पिंप उचलत होतास.”

“त्यानेच धरली.”

“बाझिल,” तेओफील म्हणाला, “उद्या तू पडलास तर ऑक्तावला यावं लागेल. येईल तो. लंगडत येईल, पण येईल.”

बाझिलने मान डोलावली. पण ऑक्ताव लंगडत येईल आणि गाव त्याची वाहवा करील, या विचाराने बाझिलच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याने आधी स्वतःची बाग छाटायला घेतली, त्यात काही चूक नव्हती. फेब्रुवारी संपता संपता ती सुरेख छाटून झाली. मग त्याने भिंतीचे निखळलेले दगड बसवले. मग कात्र्यांना धार लावली. मग कोंबड्यांचं खुराडं रंगवलं, आणि रंग बसला नाही म्हणून पुन्हा रंगवलं.

“कोंबड्यांचं लग्न आहे का?” लेओनीने विचारलं.

“तुझं काय जातंय?”

“माझं काही जात नाही. वरची बाग तशीच उभी आहे. माणूस खिडकीत पडून बघतोय.”

“बघू दे. करीन म्हटलंय ना, करीन. कधी ते नियमात लिहिलेलं नाही.”

त्याच्या मनातला हिशेब सरळ होता. वेल उशिरा छाटली की उशिरा फुटते, उशिरा फुटली की उशिरा पिकते, आणि ऑक्टोबरच्या पावसात घड वेलीवरच कुजतात. एक वर्ष, फक्त एकच वर्ष, ला पेर्द्रीची वाइन पाणचट निघावी आणि लिआँच्या डॉक्टरने तोंड वाकडं करावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी कुणी त्याच्याकडे बोट दाखवू शकणार नव्हतं.

एप्रिल अर्धा सरला तेव्हा तो कात्री घेऊन भिंत ओलांडून गेला. वेलींत रस चढलेला. जिथे काप द्यावा तिथून थेंब टपकायला लागले. मुद्दाम वाईट कापायचं, असंही एकदा त्याच्या मनात आलं, पण हात ऐकेनात. कुठली काडी ठेवायची, तिच्यावर फुटायचे किती डोळे राखायचे, हे हात आपले आपण ठरवत गेले आणि छाटणी झाली ती अगदी नमुनेदार. याचाही त्याला राग आला.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे सबंध चढणीवर दवाचा बर्फ झाला. लोक बाहेर आले तेव्हा कोवळे फुटवे उकडल्यासारखे काळे पडून लोंबत होते. तेओफीलची बाग गेली, खालच्या सगळ्यांच्या गेल्या. बाझिलची तर आधी छाटलेली, म्हणून आधी फुटलेली. तिथे वीतभर फुटवा होता आणि त्यातला एकही वाचला नाही. तो ओळीतून चालत भिंतीपाशी पोचला आणि पलीकडे बघून तिथेच खाली बसला. ला पेर्द्रीचे डोळे अजून मिटलेले होते. लोकरीत गुंडाळल्यासारखे, गुबगुबीत, सुखरूप. उशिरा छाटल्यामुळे त्यांना बाहेर यायला वेळच मिळाला नव्हता.

“हे मी केलं,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याला रडू आलं. लेओनी धावत आली. तिला वाटलं, आपल्या बागेसाठी रडतोय.

ऑक्टोबरात पाऊस यायला हवा होता, तोही आला नाही. सोनेरी ऊन महिनाभर टिकलं आणि उशिराची द्राक्षं त्यात निवांत पिकली. त्या साली आख्ख्या चढणीवर नाव घेण्यासारखी वाइन एकट्या ऑक्तावच्या तळघरात होती, आणि तिचा वास घेऊन म्हातारी माणसं सांगत होती की असली त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नाही.

पुढच्या जानेवारीत संत व्हँसाँच्या सणाला, चर्चमधली प्रार्थना आटोपून सगळे जेवायला बसले असताना ऑक्ताव काठी टेकत उभा राहिला.

“मंडळी, मला दोन शब्द बोलायचेत. दवाचा बर्फ होणार हे आपल्यात एकट्या बाझिलने ओळखलं. त्याने स्वतःची बाग वाऱ्यावर सोडली आणि माझी वाचवली. असा शेजारी देव सगळ्यांना देवो.”

बायकांनी डोळे पुसले. तेओफीलने बाझिलला मिठी मारली. बाझिलच्या तोंडात गरम हॅमचा तुकडा होता, तो ना गिळता येईना ना थुंकता. “नाही, तसं काही...” एवढंच तो म्हणाला, तर लोक म्हणाले, बघा, किती नम्र! आणि संताची लाकडी मूर्ती, जी दर वर्षी एका सभासदाच्या घरी मुक्कामाला जाते, ती त्या वर्षी बाझिलच्या कपाटावर आली. हातात द्राक्षांचा घड धरून वर्षभर ती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्याने जेवायची खुर्ची फिरवून घेतली.

वाइन बाटल्यांत भरल्यावर ऑक्ताव स्वतः एक बाटली घेऊन आला. “सत्तावनची,” तो म्हणाला. “तुझ्या हातची.”

बाझिलने ती तळघरात सगळ्यात खालच्या फळीवर ठेवली. दर वर्षी म्हणायचा, या ईस्टरला उघडू. उघडायला गेला की तोंड कडू व्हायचं. लेओनी म्हणायची, “अरे, ती प्यायचीच वस्तू आहे!” लेओनी गेली. ऑक्तावने आपल्या सगळ्या बाटल्या मागणी येईल तशा विकून टाकल्या. होता होता सत्तावनची ला पेर्द्री इतकी दुर्मीळ झाली की परदेशातले शौकीन गाडी घेऊन बाझिलच्या दाराशी येऊ लागले. म्हणाल ती किंमत देतो म्हणायचे. तो त्यांना हाकलून द्यायचा. आणि खरं सांगायचं तर त्यात त्याला आयुष्यातलं पहिलं सुख सापडलं होतं: जे ऑक्तावकडे नव्हतं, ते त्याच्याकडे होतं.

एकतीस वर्षं अशी गेली. मग एका मार्चमध्ये ऑक्तावची मुलगी आली. “बाबांचे थोडेच दिवस राहिलेत, डॉक्टर म्हणाले. एकदा सत्तावनची चाखायचीये म्हणतात. तुम्ही नाही म्हणालात तरी ते समजून घेतील, असंही म्हणाले.”

“समजून घेतो काय!” बाझिल करवादला. ती गेल्यावर मात्र तो तळघराच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. बाटली द्यायचं जिवावर आलं होतं. पण हा माणूस असाच मेला तर ते खोटं कौतुक मरेपर्यंत आपल्याच गळ्यात राहील, आणि ज्याला खरं सांगावं असं जगात कुणी उरणार नाही.

दुपारी तो गेला. ऑक्ताव त्याच खिडकीशी खुर्चीत बसला होता, अगदी वाळलेला. बाझिलने बाटली छातीशी धरली होती, ती खाली ठेवली नाही.

“ऑक्ताव, आधी ऐक. त्या वर्षीची छाटणी मी मुद्दाम उशिरा केली. दव-बिव काही ओळखलं नव्हतं. तुझं वाईट व्हावं म्हणून केली.”

“ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“अरे, मी या खिडकीत तीन महिने पडून होतो. मला दुसरा उद्योग काय होता? तू खुराडं रंगवलंस, बाझिल. दोनदा!”

बाझिल स्टुलावर बसला. “मग चारचौघांत आभार कशाला मानलेस?”

“तुला लबाड म्हटलं असतं तर तू भांडला असतास आणि दोन दिवसांत मोकळा झाला असतास. म्हटलं, याचं कौतुकच करून ठेवू.” ऑक्तावच्या डोळ्यांत जुनी चमक आली. “एकतीस वर्षांत एक घोट तरी घशाखाली उतरला का रे?”

बाझिलने हातातल्या न उघडलेल्या बाटलीकडे पाहिलं.

“झालं तर मग. फिटंफाट. आण ती इकडे.”

बूच अर्धं तुटलं, पण वाइन शाबूत होती. ओतली तशी खोलीत ओल्या पानांचा आणि पिकलेल्या चेरीचा वास पसरला. ऑक्तावने आधी चाखली, मग बाझिलने घोट घेतला. माती तर त्याच्याही बागेची तीच होती, कापात त्याचा हात होता, आणि उशिरात त्याचा सगळा जळफळाट होता. तरी वाइन ऑक्तावचीच होती. त्याने आयुष्यात याहून चांगलं काही चाखलं नव्हतं. ते कळलं तेव्हा त्याला हेवा वाटला, वीस वर्षांचा असताना त्या नकाशापुढे वाटला होता तेवढाच, ताजा. कोपऱ्यात थुंकायचं तो विसरला.

ऑक्ताव त्याच्याकडे बघत होता. पुढे वाकून, श्वास धरून, दर वर्षी बघायचा तसा.

“काय?” त्याने विचारलं.

बाझिलच्या ओठांवर शब्द आला होता. एकच तर शब्द. त्याने खिडकीबाहेर भिंतीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाला, “पिण्याजोगी आहे.”

ऑक्ताव मागे टेकला. हसला की उसासा टाकला, कळलं नाही. बाटली संपली, ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तरी बाझिल रिकामा पेला नाकापासून दूर करीना. ऑक्तावने ते पाहिलं, आणि पुन्हा काही विचारलं नाही.