जॅकच्या वाटीतला तांदूळ

लकडगंज भागातल्या एका गॅरेजमधले ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेले नाही. आठवले की दुःखाआधी चीड येते.

खंडेनवमीची दुपार होती. आमच्या पोलीस ठाण्यातली शस्त्रपूजा आटोपून पेढे वाटणे चालू होते. तेवढ्यात खबर आली की गाडीखाली दबून एक मेकॅनिक ठार झाला. गॅरेज दोघांचे होते, मृताचे आणि त्याच्या बायकोच्या भावाचे. त्या मेहुण्याचे एकच म्हणणे होते, "जॅक घसरला साहेब." ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूचा मर्ग दाखल केला, आम्ही पंचनामा केला. गाडीशेजारी गॅरेजचा मोठा हायड्रॉलिक जॅक होता, तो जप्त केला.

संध्याकाळी समोरचा चहावाला आला. आधी इकडचे-तिकडचे बोलला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "माह्यं नाव घेऊ नका साहेब. पण सकाळी दोघायचं लय वाजलं. साळा म्हणे, हात लावशीन तर याद राख. अन् जेवणाच्या आत भाऊजी मेला."

जॅक जाणकाराकडून तपासून घेतला. बिघाड काहीच नव्हता. दांडा फिरवून तेल सोडल्याशिवाय तो खाली येत नव्हता. म्हणजे कोणीतरी तो मुद्दाम सोडला, असाच अर्थ निघत होता. मृताच्या बायकोच्या कानावर हे गेले आणि ती ठाण्याच्या बाकावर येऊन बसली. नवरा गेलेला, खुनाचा संशय सख्ख्या भावावर. "माह्या भावानं मारलं का, तेवढं सांगा," असे ती प्रत्येक शिपायाला विचारत होती.

भाऊ बोलत नव्हता. भांडण कशावरून झाले, यावर "घरचं होतं" एवढेच उत्तर. निर्दोष माणूस फार बोलतो आणि लपवणारा उत्तर आखूड करतो, हा माझा अनुभव.

मी मुद्देमाल पुन्हा काढायला लावला. जॅकच्या ज्या वाटीवर गाडीचा भार येतो, तिच्यात तांबडा डाग होता. पंचनाम्यात त्याला 'रक्तासारखा' म्हटले होते. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर ते वाळलेले कुंकू निघाले. त्यात अक्षतेचा एक दाणा चिकटलेला होता, अख्खा. गाडीचा भार आला असता तर त्याचे पीठ झाले असते.

"या जॅकने गाडी उचललीच नाही," मी मेहुण्याला म्हणालो. "कोणत्या जॅकने उचलली?"

"गाडीच्याच डिक्कीतला होता. पंक्चर काढाचा."

"तो कुठे आहे?"

"मागच्या नालीत टाकला. अन् हा आणून ठेवला."

"कशासाठी?"

"पंक्चरच्या जॅकवर माणूस खाली गेला म्हटलं असतं, तं तुम्ही मलेच धरलं असतं."

"आता सोडलं आहे का?"

मग सगळे बाहेर आले. गिऱ्हाइकाला खाप्याला जायचे होते आणि सायलेन्सर लोंबत होता. भाऊजी मोठा जॅक आणि उचललेल्या गाडीला खालून टेकण म्हणून लावायच्या लोखंडी घोड्या घ्यायला निघाले. पण ते सामान पूजेत मांडलेले होते. सकाळचे भांडण त्याचेच. शेवटी डिक्कीतल्या जॅकवर गाडी उचलून भाऊजी खाली शिरले आणि तो जॅक घसरला.

"पूजेतलं हत्यार उचलत नाहीत ना साहेब."

"मग त्या दिवशी काम का घेतलं?"

"आपलं हत्यार कुठी वापरलं? गिऱ्हाइकाचं वापरलं."

हे तो मला समजावून सांगत होता. नोकरीत मी बनेल माणसे पुष्कळ पाहिली, पण त्या उत्तराइतके हताश मला कोणी केले नाही. खंडेनवमीला अवजारांना विसावा द्यायचा, तर तो हातांनाही द्यावा लागतो, एवढे त्या घरात कोणाला सुचले नव्हते. आजूबाजूला लाकडाच्या वखारी आहेत. एखादा ठोकळा मागून आणून गाडीखाली सरकवला असता, तरी माणूस वाचला असता.

नालीतून जॅक सापडला. खुनाचा संशय गेला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरणे आणि पुरावा नष्ट करणे, असा गुन्हा दाखल झाला. बाहेर येऊन मी त्या बाईला सांगितले की भावाने मारलेले नाही.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "घोड्या नेऊ नको म्हणणारा तोच ना?"

मी हो म्हणालो. ती उठली, पदर सारखा केला आणि भावाला ठेवले होते त्या खोलीवरून त्याच्याकडे न पाहता निघून गेली.

आता कुठेही उचललेली गाडी दिसली की थांबून मी खाली वाकून पाहतो. गॅरेजवाले हसतात. "काही होत नाही साहेब," म्हणतात. हे वाक्य मी गाडीखाली झोपलेल्या माणसांच्याच तोंडून ऐकत आलो आहे.