पलंगाच्या फळ्यांची ढोली

आमच्या सोसायटीतल्या माणसांना घर सजवायची हौस दांडगी. वारज्यात राहायला आलो तेव्हा ज्या सागवानी खिडक्या दाखवून बिल्डरने फ्लॅट गळ्यात मारले, त्याच खिडक्या उचकटून सगळ्यांनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. जुन्या चौकटी, कपाटांची दारं, दिवाणांच्या फळ्या पार्किंगच्या कोपऱ्यात येऊन पडायच्या. त्या लाकडाच्या आम्ही सात-आठ जण दर रविवारी पक्ष्यांसाठी पेट्या करायचो. रस्ता रुंद करताना जुनी झाडं गेली, त्यांच्याबरोबर ढोल्याही गेल्या, आणि ढोलीत राहणारे पिंगळे, साळुंक्या, खारी उघड्यावर आले. माझं काम पॉलिशपेपर घासायचं आणि इतरांच्या कामाला नावं ठेवायचं. दोन्ही मी मन लावून करत असे.

आमच्यात सगळ्यात सरळ करवत चालायची ती माझ्या समोरच्या दारच्या काकांची. सत्तरी ओलांडलेली, कारखान्यातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली. त्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरात हॉस्पिटलची कॉट आली, तेव्हा लग्नातल्या पलंगाला जागा उरली नाही. काकांनी तो स्वतः सोडवला, फळ्या खाली आणल्या आणि एक भलीमोठी पेटी करायला घेतली.

"कोण राहणार हो यात? गिधाड?" मी विचारलं.

"येईल त्याने राहावं," काका म्हणाले. मोठ्या घुबडासाठी आहे हे त्यांनी मला हळूच सांगितलं. उघड सांगितलं असतं तर अपशकुनावर चर्चा करायला सभा भरली असती.

पेटी शिरीषाच्या झाडावर चढली. झाड काकूंच्या खिडकीसमोरच, आणि ती जागा काकांनी मुद्दाम निवडली होती. घुबड आलं नाही. उन्हाळा लागताच धनेशाची जोडी आली. राखाडी रंगाचा, वाकड्या जाड चोचीचा हा पक्षी पुण्यात नवा नाही, पण आपल्या खिडकीसमोर तो घर करेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मादी आत गेली आणि विष्ठा-माती लिंपून तिने आतून दार बंद केलं. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवली. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. पिल्लं वाढेपर्यंत नराने बाहेरून आणून भरवायचं. त्याने आणलं नाही तर आतल्यांचं कठीण.

इकडे काकूंचंही खाणं कठीणच झालं होतं. चमचा ओठांपाशी नेला की त्या तोंड घट्ट मिटायच्या. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. काकूंच्या आईला शेवटी तशी नळी होती. धडधाकट असताना काकूंनी काकांना बजावलं होतं, "माझं काहीही होऊ दे, नळी घालू देऊ नका." काका मला हे पुन्हा पुन्हा सांगायचे.

एका सकाळी मी काकूंच्या खोलीत बसले होते. नर घारीसारखी शीळ घालत आला आणि घशातून एकेक उंबर काढून फटीत द्यायला लागला. काकू टक लावून बघत होत्या. बाळाला भरवताना आईचं तोंड नकळत उघडतं ना, तसं त्यांचं उघडलं. काकांनी पटकन पेजेचा चमचा आत दिला. त्यांनी गिळलं. मग दुसरा. वाटी संपली तेव्हा काका स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले, आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं.

तेव्हापासून त्या घरात जेवणाची वेळ पक्ष्याने ठरवली. शीळ ऐकू आली की काका पेज गरम करायचे. काकूंच्या गालावर थोडं मांस दिसायला लागलं.

आमच्या गटाचा एक तरुण सेक्रेटरी होता. हिंजवडीला नोकरीला, माणूस अतिशय चांगला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्या चांगुलपणामुळे झालं. त्याने खालून एक फोटो काढला. एका बाजूला पेटीपाशी उंबर भरवणारा धनेश, दुसऱ्या बाजूला खिडकीत चमचा धरलेले काका. खाली प्रेमावर चार ओळी लिहून फोटो गटावर टाकला. गटावरून तो कुठे कुठे गेला, देव जाणे. माझ्या नागपूरच्या नणंदेने मलाच पाठवला आणि वर लिहिलं, "बघ जगात अशी माणसं असतात."

माणसं यायला लागली. आधी रविवारी, मग रोज. हातभर लांब लेन्सवाले, मुलांना निसर्ग दाखवायला आणलेले आईबाप, रील करणाऱ्या मुली. कुणी पक्षी बघायचं, कुणी काका दिसतात का ते. एकाने तर मोबाइलवर धनेशाचा आवाज लावला, म्हणजे तो लवकर येईल. नर यायचा, समोरच्या तारेवर बसायचा, चोचीत उंबर तसंच धरून खाली बघायचा आणि उडून जायचा.

मी खाली जाऊन भांडले. "अहो, आपण घरी जेवता तेव्हा पन्नास जण समोर बसवता का?"

"मॅडम, आम्ही डिस्टर्ब नाही करत आहोत. जस्ट बघतोय."

सेक्रेटरीने दोरी बांधली, 'कृपया शांतता राखा' अशी पाटी लावली. लोकांनी पाटीबरोबर सेल्फी काढले. त्याने वॉचमनला उभं केलं, फोटो काढून टाकला, हात जोडून मेसेज लिहिले. पण एकदा सुटलेला फोटो काय परत येतो? काकांनी लोकांना दिसू नये म्हणून खिडकीला पडदा लावून पाहिला. काकूंनी तोंड मिटलं. पडदा निघाला.

नराचं येणं कमी होत गेलं आणि मग थांबलं. तो कंटाळला, की कुठे तारेला लागला, आम्हाला कधीच कळलं नाही.

एका दुपारी मादीने भिंत फोडली. काकू झोपल्या होत्या, मी आणि काका खिडकीत होतो. आधी चोच बाहेर आली, मग डोकं, मग ती स्वतः. शेपटी नव्हती, पंख अर्धे. ती फडफडत थेट खाली गेली आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पडली. पलीकडे मोकळा प्लॉट आहे, तिथे कुत्री असतात. काका चपला न घालता जिना उतरले. ते पोचेपर्यंत संपलं होतं. दोरीबाहेर उभ्या असलेल्यांपैकी दोघांनी ते मोबाइलवर घेतलं. मला त्या क्षणी कुणाचा तरी जीव घ्यावासा वाटला, आणि अजूनही तो राग गेलेला नाही.

पेटीत अंडी होती की पिल्लं, हे बघायला कुणी वर चढलं नाही. सेक्रेटरी संध्याकाळी आला आणि दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला. काकांनी त्याला पाणी दिलं.

त्याआधी एक काम आम्ही उरकलं होतं. काकू जाग्या व्हायच्या आत कॉट फिरवली. पाय भिंतीकडे, खिडकी डोक्यामागे. "हिला कळता कामा नये," काका म्हणाले. जाग आल्यावर त्यांनी सांगितलं, "अगं, ऊन फार येत होतं तुझ्या डोळ्यांवर."

रात्री काकूंनी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. दुपारी डॉक्टर येऊन गेले आणि नळीचं पुन्हा बोलले.

त्यानंतरच्या सकाळी मी माझ्या घरात चहा टाकत होते आणि शीळ ऐकू आली. तीच, घारीसारखी, शेवटी जराशी मोडणारी. मी गॅस बंद करायचंही विसरले. तशीच समोरच्या दारात गेले, दार लोटलेलं होतं.

काका कॉटच्या मागे, खिडकीपाशी उभे होते. दोन्ही हात तोंडापाशी धरून ते शीळ घालत होते. मला बघून त्यांनी मान हलवली, बोलू नका. मग लगबगीने पुढे आले, वाटी उचलली. "आला बघ," ते काकूंना म्हणाले. "आज उंबरं मोठी आणलीत त्याने."

मी पायथ्याशी स्टुलावर बसले. काकूंच्या उजव्या हाताला भिंतीशी कपाट आहे, त्याच्या दारावर उभा आरसा. कॉट फिरवताना त्याचा आम्हा दोघांना विसर पडला होता. काकूंची मान त्याच्याकडेच कलंडलेली होती. त्या कुठे बघताहेत ते पाहावं म्हणून मी उठून त्यांच्या उशाशी जाऊन वाकले. आरशात अख्खी खिडकी होती. खिडकीत शिरीष, शिरीषावर पलंगाच्या फळ्यांची पेटी, पेटीला मोठं भोक पडलेलं आणि त्या भोकात डोकं घालून काहीतरी ओढणारा एक कावळा.

आरशातूनच काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. ते चमचा धरून वाट बघत होते, पेज चादरीवर सांडत होती.

काकूंनी तोंड उघडलं.

"बघा," काका मला हलकेच म्हणाले, "हिला काही कळलेलं नाही."

मी हो म्हटलं.