पंधरा भोकांची दोन कार्डं

अंथुर्ण्याचा दादासो माझा शाळासोबती. चौथीनंतर मी पाचवीत गेलो, तो मेंढरांमागं गेला. पुढं मेंढरं विकली, आणि गडी रेडिओ, मिक्सर, मोटारीचे स्टार्टर, हाती लागेल ते खोलायला लागला.

परवा शाळेतल्या योगिनीबाई त्याच्याकडं आपल्या वडिलांचा तीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर घेऊन आल्या. "तात्या, उद्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. पडद्यावर अक्षरं दिसतील ना?"

"न्हाय दिसली तर मिशी उतरवीन!" दादासो पारावर सगळ्यांदेखत बोलला. मिशी म्हणजे काय, आधी ती दारातून आत येते, मग दादासो.

घरी नेऊन त्यानं पेटी खोलली. आत खोचलेली तीन कार्डं, म्हणजे मागं वायरी जोडायच्या पट्ट्या, उपसली, मेंढरं कातरायच्या आधी धुतात तशी ब्रशानं साफ केली आणि सुपात ठेवली. खूण काही केली नाही.

"अरे, कुठलं कशाचं ते लिहून तरी ठेवायचंस," मी म्हणालो.

"तीनशे मेंढरं तोंडावरनं वळखायचो मी. ही तर तीनच हायती."

दुपारी पडद्याची वायर घेऊन बसला आणि ती कुठल्या कार्डाला लावायची तेच कळेना. एका कार्डाला फोनची वायर बसेल अशी चौकोनी भोकं होती. ते बाजूला ठेवलं. उरलेल्या दोघांची भोकं मोजली. ह्याला पंधरा, त्यालाही पंधरा!

दारातून त्याची बायको, बानूवहिनी, म्हणाल्या, "वस्तरा काढू का?"

"गप गं!" दादासो खेकसला. मग एकदम थांबला. मेंढराचा जबडा उघडतात तसं त्यानं वायरीचं तोंड उजेडाकडं धरलं. "दात बघ गड्या! तीन ओळी हायती. मधल्या ओळीतला एक पडलाय, म्हातारं जनावर हाय."

एका कार्डाची भोकं दोन ओळींत होती, दुसऱ्याची तीन. तीनवालं पडद्याचं! कार्डं बसवली, वायर जोडली, योगिनीबाईंना बोलावलं, बटण दाबलं. पेटी कुँई करून ओरडली आणि पडद्यावर अक्षरं आली.

बाईंनी इंग्रजी वाचून अर्थ सांगितला, "कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं एफ-वन दाबा."

"सापडत न्हाय म्हणतंय, मग दाबू कुठं?" दादासो चिडला.

"पर अक्षरं आली न्हवं?" बानूवहिनींनी विचारलं.

"आली की!"

"म्हंजी ऱ्हायली मिशी." वहिनींनी उसासा टाकला. "बाई, कशाला नीट केलं वो ते? चाळीस वर्सं झाली, आधी मिशी च्या पिती, मग ह्ये."